घाबरलेला हात

पुणे,
६ जुलै २०२५

ती. स्व. आशाआत्यास,
अमिषाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. कानाचं यंत्र तू डब्यात घालून ठेवलंस, मोबाईलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणजे माझ्या नशिबी कागद आणि पेनच. जितेशदादा फोनवर सांगतो की तुझी तब्येत छान आहे आणि तू रोज त्याला ओरडतेस. म्हणजे खरंच छान असणार.

इथे कोर्सचा महिना संपला. आपल्याकडच्या मॅरेथॉनच्या तंबूत पळणाऱ्यांचे पाय चोळणाऱ्या मुली बघून मी ठरवलं होतं की आपणही हेच करायचं. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं! इथे पहिले पंधरा दिवस तेलाच्या बाटलीला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसती हाडं, स्नायू आणि शिरा पाठ करायच्या. आमच्या इझाबेल मॅडम मूळच्या वसईच्याच, त्यामुळे मी अर्नाळ्याची म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा बोंबील कसे आहेत ते विचारलं. पण वर्गात फार कडक. खेळाडू टेबलावर झोपला की आधी बघायचं, मग दोन्ही पायांवर एकाच वेळी दोन्ही तळवे नुसते ठेवायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, जाड आहे का, दुखतोय का, ते हाताला कळू द्यायचं. त्यानंतर तेल. कुठे चोळायचं ते दोन महिन्यांत कुणीही शिकतं, कुठे चोळायचं नाही ते शिकायला इथे आलात, असं त्या म्हणतात.

आत्या, खरं सांगू? मला भीती वाटते. एकेका कुस्तीवाल्याची मांडी म्हणजे ओंडका असतो. कुठेतरी चुकीचा दाब पडेल आणि त्याचं सगळं खेळणं माझ्यामुळे संपेल, असं सारखं मनात येतं. काल मॅडमनी माझा हात धरून पाहिला आणि बर्फासारखा गार आहे म्हणाल्या. प्रात्यक्षिक परीक्षा ऑगस्टमध्ये आहे. तोवर हात गरम झाले नाहीत तर मी परत येऊन तुझ्याबरोबर मासळीची पाटी घेईन.

बाबांचं प्लास्टर कधी काढणार? होडी वर ओढताना घोटा मोडला तो मोडला, आता चालायची घाई करू देऊ नकोस. पिंकीवहिनीला सांभाळ.

तुझा लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.

तुझी,
अमिषा

---

अर्नाळा,
११ जुलै २०२५

चि. सौ. कां. अमिषास,
आशालताआत्याचे अ. उ. आ.

सौ. कां. लिहिलंय म्हणून नाक मुरडू नकोस. लग्नाची घाई मला नाही, ती शेजारच्या बायकांना आहे. मालिश करायचं शिकायला पोरगी पुण्याला कशाला पाठवली, घरात आत्या असताना, असं त्या विचारतात. मी म्हटलं की माझी फी तिच्या बाबाला परवडत नाही म्हणून पाठवली.

तुझ्या मॅडमचं सगळं बरोबर असेल, पण एवढं काय बघायचं असतं पायात? अर्ध्या अर्नाळ्याची पोरं माझ्या नडग्यांवर न्हाली. मी एकालाही तळवे ठेवून विचारलं नाही की बाबा रे, कुठे दुखतं. हात आपोआप जातो. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा समोर पाटावर बसून बघायचीस, आठवतं? तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, मला सोडून कुठे हलायची नाहीस. बाळाला हात लावायला घाबरायचीस, म्हणून मी तुझा इवलासा हात माझ्या हाताखाली घ्यायची आणि दोघी मिळून चोळायचो. घाबरलेला हात गार पडतो. तो मांडीखाली दाबून बसायचा, गरम झाला की कामाला लावायचा. तुझ्या मॅडमना हे सांग, फुकट आहे.

तुझ्या बाबाचं प्लास्टर मंगळवारी काढणार. सहा आठवडे खाटेवर पडून त्याने घरातल्या प्रत्येकाशी भांडण केलंय, आता फक्त मांजर उरली आहे. नारळी पौर्णिमेला होडी काढणारच म्हणतो. मी म्हटलं, काढ. होडी हाकणाऱ्या तांडेलाचे पाय मी चोळून दिल्याशिवाय आपली होडी कधी सुटली आहे का? माझ्या आईने माझ्या बापाचे चोळले, मी माझ्या भावाचे, चंद्रहासचे चोळते. यंदाही चोळीन.

पिंकीला आठवा संपत आला. पहिलटकरीण असून पाचूबंदरला माहेरी जायचं नाही म्हणते, आत्याच्याच हातचं न्हाणं हवं. तिच्या आईला राग आलाय. मला मात्र बाई फार बरं वाटलं.

पोट भरून जेव. माया आहेच, ती काही पोस्टात हरवत नाही.

तुझी,
आत्या

---

पुणे,
२० जुलै २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. हात मांडीखाली दाबून बसते, पण आता त्याचाही उपयोग होत नाही. एक मोठा घोळ झाला आहे.

गेल्या सोमवारी हृतिक नावाचा कबड्डीचा मुलगा माझ्या टेबलावर आला. लांबचा बसप्रवास करून आला होता. उजवी पोटरी आखडली म्हणाला, दुसऱ्या दिवशी निवड चाचणी होती. मी दोन्ही तळवे ठेवले. उजवी पोटरी गरम होती, डावीपेक्षा जाड होती. मॅडमनी शिकवलं होतं की असं असलं तर आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटते, वर फुप्फुसात जाऊन बसते आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. मॅडम त्या दिवशी नव्हत्या. मी चोळायला नकार दिला. त्याचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर इतके ओरडले की शेजारच्या टेबलावरची मुलगी रडायला लागली. मी रडले नाही, पण चोळलंही नाही. शेवटी त्याला सोनोग्राफीला नेलं.

काही निघालं नाही, आत्या. गुठळी नव्हती, स्नायू ताणला गेला होता. त्याची चाचणी हुकली. आता वर्षभर थांबायचं. तो जाताना नुसता बघून गेला, ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. होस्टेलमध्ये सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मॅडम आल्यावर म्हणाल्या की त्यांनीही हेच केलं असतं, ताणलेला स्नायूही तसा चोळायचा नसतोच. त्या मला बरं वाटावं म्हणून बोलतात असं वाटतं. जितेशदादाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. बाबांनाही सांगितलं असणार.

आता कुणाच्याही पायाला हात लावला की तो मला गरमच लागतो. माझ्या हाताला खोटं दिसायला लागलंय की काय, याची भीती वाटते. पुढच्या वेळी खरंच काही असलं आणि मी हसू होईल म्हणून गप्प बसले तर?

रागावून का होईना, लवकर लिही. तुझ्या शिव्यांनीही बरं वाटतं.

तुझी,
अमिषा

---

अर्नाळा,
२२ जुलै २०२५

चि. अमिषास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. पावसाने पोस्टमन वाहून गेला की काय कोण जाणे. म्हटलं आपणच लिहावं.

प्लास्टर निघालं. पाय बघून मला रडूच आलं. मांडी वाळून काटकी झालीय, पोटरी मात्र टरटरून सुजली आहे. इतके दिवस बांधून ठेवल्यावर सुजणारच. तुझा बाबा म्हणतो की पायात पानी उतरलंय, चाललं की जाईल. मी लगेच कामाला लागले. लसूण-ओवा घालून तेल कडकडीत करते, सकाळ-संध्याकाळ घोट्यापासून वर दाबून दाबून काढते, मग समुद्राची वाळू तव्यावर तापवून पुरचुंडीने शेकते. फार दुखतं म्हणतो. मी म्हटलं दुखतंय म्हणजे जीव येतोय. पोटरी हाताला चांगली गरम लागते, रक्त खेळायला लागलंय. दुसरा पाय गारच असतो बघ.

एक मात्र आहे, पडून पडून त्याचा दम गेलाय. अंगणातून ओटीवर आला तरी धाप लागते आणि खोकतो. विड्या बंद कर म्हटलं तर तोंड फिरवून बसतो. आता कालपासून मी जोर वाढवलाय. पौर्णिमेपर्यंत पाय सरळ करून देते बघ. होडीला रंग चाललाय, निळा. जितेश दिवसभर तिकडेच असतो.

पिंकी बरी आहे. कैऱ्या कधीच संपल्या, तरी तिला कैरीच हवी.

हातांची भीती गेली का? लिही. आठवण काढत असतेच, तूही काढ.

तुझी,
आत्या

---

पुणे,
२६ जुलै २०२५, सकाळ

आत्या,

नमस्कार वगैरे नंतर. हे पत्र पोस्टात टाकत नाही. लिहून फोटो काढते आणि पिंकीवहिनीच्या मोबाईलवर पाठवते. ती तुझ्यासमोर मोठं करून धरेल. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

बाबांचा पाय चोळू नकोस. आत्ता हातात तेल असेल तर वाटी खाली ठेव.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी, सहा आठवडे हलवलेली नाही. हे सगळं मला वर्गात तोंडपाठ करायला लावलं होतं. आणि धाप लागते असं तू लिहिलंस. आत्या, ती विडीची धाप नसली तर? ती गुठळी असली आणि तुकडा सुटून वर जायला लागला असला तर?

दादाला तीनदा फोन केला. तो म्हणाला की मला आता बोंबलातही गुठळी दिसेल. बाबांनी तर फोनच घेतला नाही. मी निरोप दिला की आत्याला सांग चोळू नको, तर म्हणे ती आधीच चिडलेली असते, कशाला बोलू. म्हणून हे तुलाच लिहितेय. तुझ्याशिवाय त्या घरात माझं ऐकणारं कुणी नाही.

मी मागच्या आठवड्यात चुकले. ते पत्र तुला मिळालं असेल, नसेल तर दादाला विचार, तो हसत हसत सांगेल. मी आजही चुकलेली असू शकते. माझ्या हाताला आता माझाच भरवसा नाही. म्हणून तुझा हात वापर. बाबांना आडवं कर, दोन्ही पोटऱ्यांवर एकाच वेळी तुझे दोन्ही तळवे ठेव. दाबू नकोस, चोळू नकोस, नुसते ठेव. मग एक दोरा घेऊन दोन्ही पोटऱ्या मोज. फरक दिसला तर काहीही करून त्यांना विरारला मोठ्या दवाखान्यात ने. पायी नाही, रिक्षातून. डॉक्टरांना धापेचंही सांग.

मी चुकले असले तर सगळ्या अर्नाळ्याने मला जन्मभर हसावं. मला चालेल. फक्त माझे बाबा असू देत.

मी आता बॅग भरते आणि बस पकडते.

अमिषा

---

विरार, दवाखान्यातून
२६ जुलै २०२५, दुपार

चि. अमिषास,
आशीर्वाद.

पिंकी समोर बसून फोटो काढणार आहे, म्हणून औषधाच्या पाकिटावर लिहितेय. तू बसमध्ये असशील. आधी हे वाच: तुझा बाबा जिवंत आहे, शुद्धीत आहे आणि नर्सशी भांडतोय.

आता सगळं सांगते. पिंकीने मोबाईल धरला तेव्हा तेलाची वाटी माझ्या हातातच होती. मला राग आला. माझी पोर, मी हाताखाली धरून शिकवलेली, मला सांगते की हात लावू नकोस? वाटी खाली ठेवली ती रागाने ठेवली, तुझं पटलं म्हणून नाही. तुला खोटं ठरवायचं म्हणून दोन्ही तळवे ठेवले. इतके दिवस मी एकच पाय हातात घेत होते, गं. दोन्हींवर एकदम हात कधी ठेवलेच नव्हते. ठेवले आणि लगेच कळलं. एक पाय माणसाचा आणि एक भट्टीवर ठेवलेला. पिंकीने दोरा लावला. माझी चार बोटं मावतील एवढा फरक.

तुझा बाबा चोळ म्हणून बसून राहिला. मी हात पदराखाली घेतले. तो ओरडला, चांगला ओरडला असणार, शेजारीण दारात आली. मला ऐकू येत नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. मी सांगितलं की आज नाही, उद्या नाही आणि पौर्णिमेलाही नाही. तुझे पाय मी चोळणार नाही, होडी सोडायची तर तशीच सोड. आपल्या घरात असं कधी झालेलं नाही, हे त्याला ठाऊक आहे. डॉक्टरला तो घाबरत नाही, तुला हसतो, पण बहिणीचा हात मागे गेला याला तो घाबरला. त्याने स्वतःच जितेशला होडीवरून बोलावून घेतलं.

इथे यंत्र लावून बघितलं. पोटरीच्या शिरेत गुठळी आहे, लांब. छातीचंही बघितलं. एक तुकडा फुप्फुसात पोचलेला आहे. लहान आहे म्हणतात. रक्त पातळ व्हायची इंजेक्शनं चालू केलीत. पुढचे दोन दिवस जपायचे आहेत. जितेश कोपऱ्यात उभा आहे, हसत नाही.

मी डॉक्टरला कागदावर लिहून विचारलं की मी चोळलं म्हणून तो तुकडा वर गेला का. तरुण पोरगा आहे, चांगला आहे. त्याने लिहिलं, सांगता येत नाही, आपोआपही जातो. मी परत विचारलं. त्याने परत तेच लिहिलं. नाही असं त्याने लिहिलं नाही.

सावकाश ये. घाटात बस हळू चालव म्हणून सांग. मला फार भीती वाटतेय.

आत्या

---

पुणे,
१५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बाबांचा रोज फोन येतो, म्हणजे ते रोज तक्रार करायला फोन करतात. त्या घट्ट लांब मोज्याची त्यांना लाज वाटते. पौर्णिमेला किनाऱ्यावर दादाने नारळ सोडला आणि आपण बायकी मोजा घालून खुर्चीवर बसलो, हे ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. मी म्हटलं, खूप वर्षं आठवत राहा. गोळी एकही चुकवू देऊ नकोस. सहा महिने तरी चालू ठेवायची आहे आणि तोवर होडी नाही.

हृतिक भेटला. त्याला कुणीतरी बाबांचं सांगितलं होतं. तो म्हणाला की पुढच्या वर्षी चाचणीच्या आधी माझ्याच टेबलावर येईन. मला वाटलं होतं हे ऐकून भीती जाईल. गेली नाही. मॅडमना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या की जाऊही देऊ नकोस, फक्त तिला हातात उतरू देऊ नकोस. परीक्षा पुढच्या शुक्रवारी आहे.

एक बोलू? मी दोन आठवडे घरी होते. तू एकदाही कुणाच्या अंगाला हात लावला नाहीस. पिंकीवहिनीची कंबर दुखत होती तर तू मला पुढे केलंस. मी निघताना तू नेहमी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतेस, या वेळी नुसतं बघितलंस. मला सगळं कळलं, म्हणून लिहितेय. तुझ्या हातांनी बाबांना दवाखान्यात नेलं, हे मी हजार वेळा लिहीन. तुला पटणार नाही, तरी लिहीन.

माझी माया तुला हवी तेवढी आहे, पुरवून वापरू नकोस.

तुझी,
अमिषा

---

अर्नाळा,
२८ ऑगस्ट २०२५

चि. अमिषास,
आत्याचे अ. उ. आ.

पास झालीस हे जितेशने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि तुझ्या बाबाने ती खाल्ली. तो आता मोज्यावरून लुंगी सोडून ओटीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की माझी पोरगी खेळाडूंची डॉक्टरीण आहे. आधी तोही चेष्टेने हेच म्हणायचा, ते तो विसरला, तूही विसर.

पिंकीला मुलगी झाली हे तुला कळलंच आहे. फोटोही बघितलास. फोटोत दिसत नाही ते सांगते. केस दाट आहेत, आवाज मोठा असावा, कारण तोंड फार मोठं उघडते. बाळ-बाळंतीण दोघी बऱ्या आहेत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आज बाळ घरी आलं. तेल कोमट केलं, पाट मांडला, पाय लांब करून बसले. पिंकीने बाळ नडग्यांवर ठेवलं. एवढंसं पोर, मऊ, हाडं कुठे आणि मांस कुठे कळत नाही. माझे हात उचललेच गेले नाहीत. मांडीखाली दाबून बसले, किती वेळ बसले, ते गारच राहिले. शेवटी बाळ रडायला लागलं आणि मी पिंकीला म्हटलं की पाणी निवलं, आज राहू दे. तिला वाटलं मी थकले. तिची आई उद्या पाचूबंदरहून येऊन न्हाऊ घालते म्हणाली. मी हो म्हटलं.

किती लेकरं न्हाणली मी. आता प्रत्येकाचा पाय आठवतो आणि वाटतं, तेव्हा मी काय बघितलं होतं? काहीच बघितलं नव्हतं. नशीब चांगलं होतं, एवढंच. चंद्रहास झोपला की मी त्याच्या छातीकडे बघत बसते. ती वर-खाली होते ना, ते बघते.

तू बारशाला येणार आहेस. एक दिवस आधी ये. सकाळी मी पाय लांब करून बसेन, बाळ नडग्यांवर घेईन आणि तू समोर पाटावर बस, पूर्वी बसायचीस तशी. आधी आपण दोघी नुसते तळवे ठेवू, तुझ्या मॅडम सांगतात तसे, दोन्ही बाजूंना. मग मी चोळीन. माझा हात घाबरला असं तुला वाटलं तर ओरडू नकोस, मला ऐकू येणार नाही. तुझा हात माझ्या हातावर ठेव.

वाट बघते. लोभाचं काय लिहू, तो तुझ्यापाशीच आहे, येताना घेऊन ये.

तुझी,
आत्या